लिथ डेव्हलपर: केमिकल स्वस्त, कागद महाग

डार्करूममध्ये लागणाऱ्या केमिकलांपैकी 'लिथ डेव्हलपर' हे नाव आज फार थोड्या दुकानदारांच्या तोंडी राहिले आहे. एके काळी मात्र उर्दू वर्तमानपत्राचे पान, लग्नाची पत्रिका, औषधाच्या खोक्यावरील मजकूर आणि साडीवरचा छाप या सगळ्यांची वाट याच केमिकलच्या ट्रेमधून जात असे. संगणक आला, फिल्म गेली आणि त्याबरोबर हे केमिकलही बाजारातून उठले. आता तेच केमिकल वेगळ्या कामासाठी मागितले जाते. हाताने छापलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोला एक खास उबदार, दाणेदार रूप यावे म्हणून काही छायाचित्रकार आणि कलाशाळांचे विद्यार्थी ते वापरतात. या छपाईला 'लिथ प्रिंट' म्हणतात.

बदलापूर गाव, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात जुने फोटो स्टुडिओ आणि स्क्रीन प्रिंटिंगचे कारखाने पुष्कळ झाले. कित्येकांच्या माळ्यावर एन्लार्जर आणि ट्रे अजून पडून असतील. त्यांतून पुन्हा चार पैसे निघू शकतात का, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर असे आहे: निघू शकतात, पण काम थोडे आहे आणि हिशेब कडक ठेवावा लागतो. या धंद्यात केमिकल स्वस्त पडते, नुकसान होते ते कागदाचे. म्हणून हे केमिकल कसे चालते, हे समजून घेतल्याशिवाय कागदाचे खोके फोडू नये.

कातिबाच्या कलमापासून साडीच्या फ्रेमपर्यंत

लिथ फिल्मला राखाडी छटा नको असते. तिला फक्त काळे आणि पारदर्शक, एवढे दोनच रंग ठाऊक. ऑफसेटच्या जमान्यात कातिबाने कलमाने लिहिलेले पान मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्यासमोर लावीत आणि त्याची लिथ फिल्म काढीत. नस्तालीक लिपीत एकाच अक्षरात जाड पोट आणि केसासारखे बारीक टोक असते. ते टोक साध्या डेव्हलपरमध्ये धूसर व्हायचे, लिथ डेव्हलपरमध्ये धारदार उतरायचे. पुढे १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' या दैनिकाने नूरी नस्तालीक हा संगणकी टाइप वापरला आणि १९९४ मध्ये इनपेज हा प्रोग्राम आला. मग कातिबाची बैठक उठली आणि तिच्यामागोमाग कॅमेऱ्याची डार्करूमही गेली.

आमच्या कापडाच्या धंद्यातही हीच रीत होती. डिझाइनमध्ये पाच रंग असतील तर पाच ट्रेसिंग, पाच पॉझिटिव्ह आणि पाच स्क्रीन. पॉझिटिव्हवरचा काळा भाग पक्का काळा नसेल तर स्क्रीन तापवताना उजेड आत घुसतो, जाळी अर्धवट बंद होते आणि कापडावर छापाची कड फाटते. ज्याने ही कामे पाहिली आहेत त्याला लिथचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे. उरलेले अर्धे पुढे सांगतो.

साध्या डेव्हलपरहून वेगळे काय?

फोटोच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे उजेड लागला तिथल्या क्षारातून डेव्हलपर काळी चांदी मोकळी करतो. नेहमीच्या कागदी डेव्हलपरमध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन अशी दोन द्रव्ये जोडीने काम करतात. कोडॅकच्या प्रसिद्ध डी-७२ फॉर्म्युल्यात एका लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम असते. सल्फाइटचे काम राखणदाराचे आहे. डेव्हलपर वापरला जाताना त्याचे जे जळके द्रव्य तयार होते, ते सल्फाइट लगेच बाजूला करते. त्यामुळे काम संथ आणि सारखे चालते.

लिथ डेव्हलपरमध्ये मेटॉल नसते. असते ते एकटे हायड्रोक्विनोन, आणि मोकळे सल्फाइट मुद्दाम अगदी थोडे ठेवलेले असते. कोडॅकचा जुना डी-८५ फॉर्म्युला पाहा: एका लिटरला सोडियम सल्फाइट ३० ग्रॅम, पॅराफॉर्मल्डिहाइड ७.५ ग्रॅम, सोडियम बायसल्फाइट २.२ ग्रॅम, बोरिक ॲसिड ७.५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन २२.५ ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १.६ ग्रॅम. वरवर पाहता सल्फाइट कमी दिसत नाही. पण ३० ग्रॅम सल्फाइटला बांधून ठेवायला सुमारे ७.१५ ग्रॅम फॉर्मल्डिहाइड लागते आणि ते येथे ७.५ ग्रॅम घातलेले आहे. म्हणजे राखणदार पगारावर आहे, पण त्याचे हात बांधलेले आहेत. शिवाय या बांधणीतून आतल्या आत अल्कलीही तयार होते आणि तिच्याशिवाय हायड्रोक्विनोन हलत नाही.

राखणदार नसल्यामुळे जळके द्रव्य जागच्या जागी साचते आणि शेजारच्या कणांचे डेव्हलपिंग आणखी वेगाने करवते. दुधात विरजण पडले की आधी काही दिसत नाही आणि मग सगळे भांडे एकदम धरते, तसाच हा प्रकार आहे. यूल नावाच्या संशोधकाने १९४५ मध्ये या क्रियेवर निबंध लिहिला. इंग्रजीतील तिच्या नावाचा अर्थ 'संसर्गाने पसरणारे डेव्हलपिंग' असा होतो. लिथची सगळी करामत आणि सगळा धोका या एका गोष्टीत आहे.

दोन हिशेब: उजेडाचा वेगळा, काळ्याचा वेगळा

साध्या प्रिंटमध्ये एन्लार्जरखाली योग्य सेकंद उजेड द्यायचा आणि डेव्हलपरमध्ये ठरलेली दीड-दोन मिनिटे पूर्ण करायची, एवढेच असते. लिथ प्रिंटमध्ये हिशेब दोन होतात.

पहिला हिशेब उजेडाचा. कागदाला नेहमीच्या चार ते आठ पट उजेड द्यावा लागतो. फोटोतील उजळ भाग, म्हणजे चेहरा, आभाळ, पांढरा कुर्ता, यांच्यात किती तपशील येणार हे या उजेडावर ठरते.

दुसरा हिशेब काळ्या भागाचा. तो डेव्हलपरमधून कागद कोणत्या क्षणी उचलला यावर ठरतो. ट्रेमध्ये कागद टाकल्यावर कित्येक मिनिटे फिकट पिवळसर-तपकिरी आकृती तेवढी दिसते. मग काळ्या भागात ठिपके उठतात आणि ते एकमेकांना मिळू लागतात. येथून पुढे वेग झपाट्याने वाढतो. हवे तेवढे काळे झाले की त्याच क्षणी कागद उचलून स्टॉप बाथमध्ये बुडवायचा. दहा सेकंद उशीर झाला तर केस, दाढी आणि काळी शेरवानी यांचा एकच डाग होतो.

म्हणून लक्षात ठेवावे: उजळ भाग फिकट राहिला तर पुढच्या कागदाला उजेड वाढवा. काळे कमी पडले तर थोडे उशिरा उचला. दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही आणि कागद मात्र जाईल.

काम करण्याची रीत

लिथ डेव्हलपर बहुधा 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत येतो. एकीत हायड्रोक्विनोन असते, दुसरीत अल्कली. जर्मनीतील मोअर्श आणि इंग्लंडमधील फोटोस्पीड या कंपन्या फोटोच्या कागदासाठी असा माल करतात. प्रत्येकाची रचना निराळी असते. म्हणून बाटलीवरील सूचना आधी वाचाव्यात आणि एका कंपनीची 'ए' दुसरीच्या 'बी'शी जोडू नये.

फिल्मसाठी हे केमिकल दाट वापरीत आणि साधारण पावणेतीन मिनिटांत काम संपवीत. फोटोच्या कागदासाठी ते बरेच पातळ करतात. सुरुवातीला एक भाग 'ए', एक भाग 'बी' आणि वीस भाग पाणी हे प्रमाण ठीक आहे. म्हणजे एका लिटरच्या ट्रेला दोन्ही बाटल्यांतून सुमारे ४५-४५ मिलिलिटर आणि बाकी पाणी. आधी पाणी, मग 'ए' आणि सर्वांत शेवटी 'बी' घालावे, कारण दोन्ही एकत्र आल्यापासून त्याचे आयुष्य सुरू होते. राखणदार नसल्याने हवा लागून ते काही तासांत निकामी होते. कागद, निगेटिव्ह आणि सगळी तयारी झाल्यावरच ट्रे भरावा.

दिवा लालच हवा. पिवळ्या दिव्याखाली लांब वेळ कागद राहिला तर धुके येते, आणि येथे कागद पाच मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंतही ट्रेमध्ये राहू शकतो. या सर्व वेळात ट्रे हळू पण सतत हलवत राहावा.

स्टॉप बाथसाठी पातळ ॲसिटिक ॲसिड किंवा लिटरला १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचे लिंबूसत्त्व, पुरते. कागद उचलल्यावर तो निथळत धरू नये, कारण निथळतानाही काळे वाढतच असते. त्यानंतर नेहमीप्रमाणे हायपो आणि धुलाई. हायपोत गेल्यावर आणि पुन्हा सुकल्यावर प्रिंटचा रंग बदलतो. त्यामुळे ओल्या प्रिंटवर गिऱ्हाइकाची पसंती घेऊ नये.

नव्या डेव्हलपरमधली पहिली प्रिंट बहुधा फिकी आणि थंड रंगाची येते. दोन-तीन प्रिंट झाल्यावर रंग खुलतो. म्हणून अनुभवी कारागीर आदल्या खेपेचा वापरलेला तपकिरी डेव्हलपर बाटलीत राखून ठेवतात आणि नव्यात थोडा मिसळतात. दही लावताना जुने दही लागते तसेच.

कागद मात्र पारखून घ्यावा. सर्व कागदांवर हा परिणाम येत नाही. चेकोस्लोव्हाकियातील, आता चेक प्रजासत्ताकातील, ह्राडेक क्रालोवे येथे १९२१ पासून चालत आलेल्या फोमा कंपनीचा 'फोमाटोन' कागद या कामाला उत्तम मानतात. इल्फर्डच्या नेहमीच्या प्लास्टिक लेपाच्या मल्टिग्रेडवर तो येत नाही. आपल्याकडे उटीला सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता. १९६० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' नावाने माल येत असे. तो कारखाना बंद पडला. त्यामुळे कागद परदेशातून येतो आणि म्हणूनच महाग पडतो.

बदलापूरची उष्णता: येथे ती कामाची

साध्या डेव्हलपरला २० अंश तापमान लागते. आमच्या बदलापूरला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो आणि नळाचे पाणीही कोमट येते. साध्या कामाला मग बर्फाच्या पिशव्या शोधाव्या लागतात. लिथचे तसे नाही. हायड्रोक्विनोन १२-१३ अंशांच्या खाली जवळजवळ निपचित पडते आणि उष्णतेत चपळ होते. पातळ केलेला लिथ डेव्हलपर ३०-३५ अंशांवर लोक मुद्दाम गरम करून वापरतात. परदेशी कारागिराला ज्यासाठी हीटर लागतो ते आपल्याला फुकट मिळते.

अट एकच. तापमान किती यापेक्षा ते स्थिर असणे महत्त्वाचे. तापमान दहा अंशांनी वाढले तर वेळ साधारण निम्म्यावर येतो. सकाळी १२ मिनिटांत उचललेला कागद दुपारी त्याच वेळेवर उचलाल तर काळा ठिक्कर निघेल. म्हणून डेव्हलपरचा ट्रे पाण्याने भरलेल्या मोठ्या परातीत ठेवावा आणि प्रत्येक प्रिंटआधी थर्मामीटर पाहावा. एन्लार्जरला स्टॅबिलायझर जोडावा, कारण व्होल्टेज पडले की उजेडाचा हिशेब चुकतो.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, तेव्हा केमिकलसाठी गाळलेले पाणी घ्यावे. आणि बाटल्या जमिनीवर ठेवू नयेत. उल्हास नदीने २६ जुलै २००५ ला काय केले ते सर्वांना आठवते. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. नदीकाठच्या घरात केमिकल ठेवायचे तर ते वरच्या फळीवरच.

बिघाड आणि उपाय

प्रिंटच्या उजळ भागात मिरपूड उधळल्यासारखे काळे ठिपके आले तर समजावे की डेव्हलपर थकला किंवा त्यातील सल्फाइट फारच कमी झाले. चिमूटभर सोडियम सल्फाइट घालून पाहावे. तरीही ठिपके राहिले तर डेव्हलपर बदलावा. सल्फाइट जास्त पडले तर मात्र लिथचा गुणच मारला जातो.

प्रिंटवर ढगासारखे पट्टे आले तर ट्रे नीट हलवला गेला नाही किंवा केमिकल कमी भरले होते. कागद पूर्ण बुडेल एवढे केमिकल हवे.

प्रत्येक प्रिंटला आधीच्यापेक्षा जास्त वेळ लागत गेला तर तो बिघाड नव्हे, ती या डेव्हलपरची चाल आहे. पहिल्या प्रिंटला आठ मिनिटे लागली तर सहाव्या-सातव्या प्रिंटला त्याच्या दुप्पट लागू शकतात. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा.

हात, श्वास आणि नाला

या भागाकडे कारागीर बंधू सर्वांत कमी लक्ष देतात. हायड्रोक्विनोनची भुकटी डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते. कातडीवर वारंवार लागल्यास खाज, चट्टे आणि पांढरे डाग येतात. फॉर्मल्डिहाइडला तर जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. म्हणून डी-८५सारखा फॉर्म्युला वर समजण्यासाठी दिला आहे, बंद खोलीत घोटण्यासाठी नव्हे. घरगुती डार्करूममध्ये भुकटी तोलत बसण्यापेक्षा फॉर्मल्डिहाइड नसलेला तयार पातळ माल घ्यावा. हातात नायट्राइलचे मोजे, कागदासाठी चिमटा आणि भिंतीला हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढे तरी हवेच. शागीर्द मुलांचे हात ट्रेमध्ये बुडवून घेणारा उस्ताद हुनर शिकवत नाही, आजार शिकवतो.

वापरलेला डेव्हलपर आणि वापरलेला हायपो एकत्र ओतू नयेत. झटपट हायपोमध्ये अमोनियाचे क्षार असतात. अल्कली मिळाली की अमोनियाचा उग्र वायू सुटतो. हायपो वेगळ्या कॅनमध्ये साठवावा. त्यात कागदावरून उतरलेली चांदी असते आणि लोखंडी काथ्या घालून किंवा विजेच्या यंत्राने ती परत मिळवता येते. ती मोरीत ओतणे म्हणजे धंद्यातला माल मोरीत ओतणे.

राहिला नाला. वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे उल्हास नदीला मिळते. तिची काय दशा झाली, ते या भागात कोणाला सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो लोकांना इस्पितळ गाठावे लागले. आपला एक लिटरचा ट्रे टँकरच्या तुलनेत काहीच नाही, हे खरे. पण टँकरवाल्याला दोष देण्याचा हक्क आपल्याला हवा असेल तर आपला ट्रे स्वच्छ हवा. थकलेला डेव्हलपर वापरलेल्या स्टॉप बाथने शमवून वेगळ्या कॅनमध्ये ठेवावा. काम वाढले तर तळोजा येथे घातक कचऱ्यासाठी सामायिक प्रकल्प आहे. रीतसर नोंदणी करून माल तिकडेच जावा.

धंद्याचा हिशेब

समजा गिऱ्हाइकाने एका निगेटिव्हच्या दोन प्रिंट मागितल्या. नव्या निगेटिव्हला उजेडाची चाचणी, उचलण्याच्या क्षणाची चाचणी आणि रंग बसेपर्यंतच्या प्रिंट धरून चार शीट सहज जातात. म्हणजे दोन प्रिंटसाठी सहा शीट लागल्या. भाव दोन शीटचा सांगितला तर चार शीट खिशातून गेल्या. येथे बरेच जण फसतात. केमिकलच्या बाटलीत घासाघीस करून पाच-पंचवीस रुपये वाचवतात आणि कागदात शेकडो घालवतात.

यावर उपाय वहीचा. प्रत्येक प्रिंटमागे सात गोष्टी लिहाव्यात: निगेटिव्हचा नंबर, कागद, एन्लार्जरचे भिंग व सेकंद, डेव्हलपरचे प्रमाण, तापमान, त्या ट्रेमधली कितवी प्रिंट आणि कितव्या मिनिटाला उचलली. कापडाच्या रंगखात्यात प्रत्येक छटेचा नमुना चिकटवून शेजारी प्रमाण लिहितात, तशीच ही वही. पन्नास प्रिंटनंतर त्या वहीमुळे चार चाचण्यांच्या जागी दोन पुरतात. ती बचत हाच नफा.

दुसरी गोष्ट सौद्याची. लिथच्या दोन प्रिंट कधीही हुबेहूब सारख्या येत नाहीत, कारण डेव्हलपर दर प्रिंटला बदलत असतो. हे गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी सांगावे, नमुना दाखवावा आणि फरक राहील हे पावतीवर लिहावे. दहा सारख्या प्रिंट हव्या असणाऱ्याला साध्या डेव्हलपरचे काम करून द्यावे. ज्याला एकच, पण दुसऱ्या कोणाकडे नसलेली प्रिंट हवी आहे, तो लिथचा खरा गिऱ्हाईक आणि तो योग्य भाव द्यायला का-कू करत नाही.

सुरुवात करणाऱ्याने लहान बाटली आणि कागदाचे लहान खोके घ्यावे. घरातल्याच जुन्या निगेटिव्हवर हात बसवावा. पहिले खोके शिकण्याच्या खात्यात टाकावे आणि गिऱ्हाइकाचे काम दुसऱ्या खोक्यापासून धरावे.